वाडगाभर पेज

नाश्ता बदलायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी मुलीच्या लग्नाची तारीख ठरेल, आणि जवळजवळ माझ्या दहाव्याचीही, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी मुकाट्याने वडापाव खात राहिलो असतो.

अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोअर्सला क्लार्क आहे. कंपनीत वर्षातून एकदा डॉक्टर येतो. यंदा त्याने माझ्या रिपोर्टकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, शुगर बॉर्डरवर आहे, तीन महिने देतो, आठ किलो उतरवा. सुरुवात नाश्त्यापासून करा. (जेवणाबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.)

बायकोने, म्हणजे मीनलने, दुसऱ्याच दिवशी ओट्स आणले. लहानपणी पोस्टर चिकटवायला आम्ही खळ करायचो, तिची आठवण झाली. मग दुधीचा रस झाला, मोड आलेले मूग झाले, चिया नावाचं बेडकाच्या अंड्यांसारखं काहीतरी झालं. तब्येतीला चांगलं आणि जिभेलाही चांगलं असं या जगात काही नसावं, अशी माझी खात्री होत चालली होती. सकाळ झाली तरी उठावंसं वाटेना.

घरात तेव्हा तसंही सुतकी वातावरण होतं. आमच्या उन्नतीचं विक्रांतशी जमून तीन वर्षं झाली होती. मुलगा अंबरनाथचा, आमच्यातलाच, नोकरी चांगली. पण त्याचे वडील गुरुदत्तशेठ अडून बसले होते. त्यांची जुनी बिल्डिंग पाडली होती आणि नवा टॉवर उभा राहिल्याशिवाय सून घरात आणायची नाही असं त्यांचं म्हणणं. टॉवरच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी. उन्नती कामावर जाताना तो खड्डा बघायची आणि रात्री न बोलता जेवायची. मला त्या पोरीकडे बघवत नसे. पण मुलीचा बाप बोलून बोलून किती बोलणार?

अशात एका रविवारी आमच्या गावी, जांभूळला, पुतळाबाई आत्याला बघायला गेलो. तिला ताप होता. तिच्यासाठी चुलीवर लाल तांदळाची पेज रटरटत होती, बाजूला भाजलेला सुका बोंबील आणि लिंबाचं लोणचं. तिने विचारलं म्हणून मी वाडगाभर घेतली. मग आणखी वाडगाभर. (आजारी बाईची पेज मी संपवली हे खरं आहे. तिने त्या दिवशी बिस्किटं खाल्ली.) गरम, पातळ, किंचित गोडसर, आणि मधेच बोंबलाचा खारट तुकडा. शिवाय त्यात निम्मं पाणीच, म्हणजे डॉक्टरही खूश. इतक्या दिवसांनी नाश्ता करताना बरं वाटत होतं, माझे डोळेच भरून आले.

"आत्या," मी म्हणालो, "आता रोज सकाळी मी पेजच खाणार. डॉक्टरने सांगितलंय."

आमच्याकडे धडधाकट माणूस न्याहारीला भाकरी खातो. पेज कोण खातं, तर ज्याच्या पोटात दुसरं काही ठरत नाही तो. हे मला ठाऊक होतं, फक्त त्या वेळी डोक्यात आलं नाही.

आत्या माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. "काय बोलला डॉक्टर?"

"तीन महिने दिलेत."

तिने पुढे काही विचारलं नाही. लाल तांदळाची मोठी पिशवी बांधून दिली आणि अंगात ताप असताना मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. म्हातारपणी माणसाची माया वाढते, असं मी घरी येऊन मीनलला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात बुधाजीकाका शहाळी घेऊन बदलापूरला आमच्या घरी हजर. हे गावचे काका शेताच्या बांधावरून भांडून माझ्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. आले, माझा हात हातात घेतला आणि झालं गेलं विसर म्हणाले. मी म्हटलं, काका, मला काहीही झालेलं नाही. त्यांनी मान हलवली, मीनलला बाजूला घेतलं आणि मला स्पष्ट ऐकू येईल इतक्या हळू आवाजात विचारलं, "त्याला सांगितला नाय ना? नको सांगू."

तेव्हा कुठे आम्हाला उलगडा झाला. मी सगळीकडे फोन करून खुलासा केला. त्याचा परिणाम एवढाच झाला की पोरगं हिंमतीचं आहे असं गावात बोललं जाऊ लागलं.

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. डिंकाचे लाडू आले, पायाचं सूप आलं, स्टोअर्समधल्या माझ्या सोबत्याने उल्हासनगरहून साजूक तुपातली मिठाई आणली. माणसं इतक्या प्रेमाने आणतात ते टाकायचं कसं? सकाळी नेमाने पेज आणि मग दिवसभर लोकांचं प्रेम, असा माझा आहार झाला. खरं सांगतो, मनाला लागायचं. आपल्यामागे कोण कोण रडेल हे जिवंतपणी बघायला मिळणं साधी गोष्ट नाही. आत्या तर माझ्या पायाशी बसून राहायची, आणि तिच्याएवढी माया माझ्यावर कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

एका सकाळी गुरुदत्तशेठ आले. मी पेजेचा वाडगा घेऊन बसलो होतो. त्यांनी आधी वाडग्यात डोकावून बघितलं.

"मधूशेठ, पोरांचं याच महिन्यात उरकून टाकू. तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं बरं. उद्या काही कमी-जास्त झालं तर रिवाजाप्रमाणं त्यांना परत तीन वर्षं थांबावं लागंल."

"अहो, पण मला काही..."

दारात उन्नती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तीन वर्षांत तिच्या तोंडावर एवढी आशा मी बघितली नव्हती. मी चमचा तोंडात घातला.

"खाऊ दे त्यांना," मीनल गंभीरपणे म्हणाली.

लग्न ठरलं. उल्हासनगरला माझा कोट शिवायला टाकला. माप दिल्यापासून कोट हातात येईपर्यंत मी आठ किलोंचं काम केलं होतं, फक्त उलट्या दिशेने. हळदीच्या दिवशी बुधाजीकाकांनी मला दुरून न्याहाळलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "सूज चढली."

अक्षता पडल्या. उन्नती हसत होती. ते बघून माझं मन मलाच खायला लागलं. गुरुदत्तशेठ सरळ माणूस, एवढा मोठा हट्ट त्यांनी माझ्यासाठी सोडला होता. आता मंगलाष्टकं झालीच आहेत, खरं सांगून मोकळं व्हावं, म्हणून मीनलला सोबत घेऊन मी त्यांना, काकांना आणि आत्याला मांडवाच्या कडेला बोलावलं.

"मी आजारी नव्हतो," मी म्हणालो. "मी डाएटवर होतो."

तिघांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कोटाकडे बघितलं, ज्याचं एकही बटण लागत नव्हतं. आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"मीनल," ती म्हणाली, "आता डोक्यान पन गेला गो."

मीनलने तोंडावर रुमाल धरला. (तिचे खांदे का हलत होते हे फक्त मला ठाऊक.) गुरुदत्तशेठनी माझा एक दंड धरला, काकांनी दुसरा, आणि दोघांनी मला सावकाश चालवत पंख्याखालच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. पलीकडे सगळं वऱ्हाड गरम जिलेबीवर तुटून पडलं होतं. आत्याने माझ्यासाठी घरून डबा आणला होता. आत पेज होती.

बोंबील नव्हता. तो मांडवात चालत नाही म्हणाली.