सरळ विमान हाय का?

सुमित्राकाकू गेल्या, तेव्हा त्यांची मुलगी सुजाता हैदराबादच्या विमानतळावर होती. ती गुवाहाटीहून निघाली होती. तिथून पुढची सोय होऊन ती सोलापुरात पोचली, तोवर काकूंना न्यावं लागलं होतं.

त्यानंतर त्यांचे यजमान मल्लेशमकाका यांनी लग्नासाठी मुलामुलींच्या पत्रिका बघणं सोडलं.

काका माझे शेजारी. सात रस्ता चौकाजवळ त्यांचं चादरींचं दुकान होतं, पण खरा उद्योग लग्नं जमवण्याचा. विणकरांच्या घरांतले लोक पत्रिका घेऊन येत. काका ती न उघडताच विचारत, “मुलगा कुटं असतो? सरळ विमान हाय का?”

“काका, मुलगा इंजिनिअर आहे.”

“असू दे की. पोरगी माहेरी विमानात बसून येणार, का इंजिनिअरवर?”

कुठून कुठे विमानं जातात यावरून ते गावांची नाती लावत. “दिल्ली न् मुंबई सख्ख्या जावा. दिवसभर एकमेकींच्या दारात. हैदराबाद थोरली वहिनी. कुणाकडंबी जायचं तर तिच्या ओट्यावर टेकायलाच लागतंय.”

“आणि सोलापूर?” मी विचारलं.

“सोलापूर लांबची आत्या, बाई. लग्नाची पत्रिका पोचते, न्यायला कोण येत न्हाय.”

अशानं त्यांनी बरीच स्थळं मोडली. एका मुलीचा बाप चिडून म्हणाला, “मग तुमी तुमची पोरगी गुवाहाटीला कशी दिली?”

काका चादरीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “तिला तो आवडला होता.”

सोलापूरहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. “आत्याला बोलावणं आलं, बाई!”

“मग कधी निघताय गुवाहाटीला?”

“मी कशाला? पोरीला यायला वाट झाली की.” त्याच दिवशी त्यांनी दुकानातली एक नवी चादर आणून सुजाताच्या खाटेवर घातली.

ती येण्याआधीच काका आजारी पडले. एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाले, “मी गेलो तर पोरीला तसं सांगू नका. आई गेली तवा ती विमानतळावर एकटी रडली. पाणी द्यायलाबी कोण ओळखीचं नव्हतं. बरं न्हाय म्हणा. सावकाश ये म्हणा. आन् मला तोवर ठेवा.”

ते गेले त्या सकाळी मी तिला तसाच फोन केला. गल्लीतली वडीलधारी माणसं विचारत होती, किती थांबायचं? ती येईपर्यंत, असं मी म्हणाले. कुणी वाद घातला नाही. बर्फ आणला.

दुसऱ्या दिवशी सुजाता आली. दारातली माणसं बघूनही ती थबकली नाही. आत जाऊन वडिलांच्या पायाशी बसली आणि मग रडली. बऱ्याच वेळानं मला म्हणाली, “बाई, तुम्ही सावकाश ये म्हणालात, तेव्हाच मला कळलं. आजारी माणसाकडं सावकाश कोण बोलावतं?”

काकांना आम्ही त्यानंतर नेलं.

तेरावा झाल्यावर ती परत गेली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. ती चादर खाटेवर आहे. सोलापूरहून गुवाहाटीला सरळ विमान नाही.