मिठाच्या पाण्यातली कोंबडी

गजभियेकाका हॉटेलात गेले की मेन्यू कार्ड उघडत नसत. आधी वेटरला विचारत, "कोंबडी मिठाच्या पाण्यात किती वेळ होती?" डेक्कनवरच्या एका वेटरने त्यांना शांतपणे सांगितलं होतं, "साहेब, कोंबडी आहे. बदक नाही." काका तिथून न जेवता उठले आणि पुढे आठवडाभर त्या वेटरची कीव करत राहिले.

काका भंडाऱ्याचे. सरकारी नोकरीत बदली होऊन पुण्यात आले आणि बिबवेवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिले. मी तेव्हा नुकताच खराडीत नोकरीला लागलो होतो. तिथल्या निम्म्या इमारतींना अजून परांच्या होत्या. माझं बालपण गेलं नारायण पेठेत, अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेणाऱ्या घरात. कोंबडी खायला मला काकांनीच शिकवलं.

शनिवारी संध्याकाळी पातेल्यात मीठ विरघळवायचं, कोंबडी त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि रविवारी कोळशाच्या शेगडीवर भाजायची. "वरून टाकलेलं मीठ वरच राहते बाप्पा. आत गेलं पाहिजे." कुणी नुसतं दही लावतो म्हणालं, की काका त्याच्याशी बोलणं टाकत. पण काय कोंबडी व्हायची ती! आजही आठवली की तोंडाला पाणी सुटतं. शीलाकाकू एरवी अखंड बोलायच्या, पण हातात तंगडी आली की गप्प.

मग काकूंचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं. काकूंनी जाहीर केलं, मी अळणी वरण-भात खाईन, तुम्ही तुमच्या पद्धतीनेच करा, माझ्यापायी तुमची चव मारायची नाही. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्याच.

त्या थंडीत सोसायटीची गच्चीवर पार्टी झाली. शेगडी अर्थातच काकांकडे. कोंबडी वाढताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिठाच्या पाण्याचं मी उगाच डोक्यात घेतलं होतं. बिनमिठाचीच खरी चव. इतकी वर्षं चुकलोच मी." ज्याला हवं त्याच्यासाठी मिठाची वाटी बाजूला ठेवली होती. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस हा! आम्ही बघतच राहिलो.

कोंबडी कोरडी ठक्क झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी विचारलं, "सोबत करवत मिळेल का?" एरवी काकांनी त्यांना जेवू दिलं नसतं. आज नुसते हसले.

काकू मात्र त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. "खरंच आवडतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. काकांनी उत्तरादाखल आणखी एक तुकडा उचलला. मग काकूंनीही तंगडी घेतली आणि त्या गप्प झाल्या.

नंतर शेगडी खाली नेताना जिन्यात मी म्हटलं, "काका, खरं सांगा, कशी झाली होती?"

"चामडं," ते म्हणाले. "तिच्याजवळ बोलू नको. दर रविवारी माझ्या ताटाकडे पाहत वरण-भात खायची. माझ्यानं पाहवत नव्हतं. आज पोटभर जेवली ना बाप्पा ती."