सांडलेलं पाणी परवडतं

लग्नाला गेल्यावर लोक आधी नवरा-नवरी बघतात. आमचे शेजारी वाघमारे दरवाजे बघायचे. त्यातल्या मोठ्या दरवाज्याजवळची खुर्ची धरायचे आणि पंगतीला झुंबड उडाली तरी तिथून हलायचे नाहीत. "गर्दी लई वाईट, सर. जेवणाचं काय, घरी खिचडी हाय." कुत्रं, पाल, भरलेली सिटी बस, सगळ्यालाच भ्यायचे. आडनावावरून कुणी चेष्टा केली तर तेही हसायचे, पण नजर दाराकडंच.

मी बजाजनगरात शाळेत शिकवायचो, ते कंपनीत पॅकिंगला होते. दुष्काळाची वर्षं. गल्लीत रोज नवी खोली उठायची आणि नळ कोरडे. चार दिवसांतून एकदा टँकर यायचा, अर्धा तास थांबायचा. त्याची रांग सांभाळायचे वाघमारे. एवढ्या भित्र्या माणसानं हे का अंगावर घ्यावं, कुणाला कळत नव्हतं.

आधी ते माणसं मोजायचे. पंधराच्या आत असली तर मागच्या नळीवर एकेकाला भरू द्यायचे. थेंब सांडत नसे. जास्त असली तर वरून टाकीत चार पाइप सोडायचे आणि दहा-दहा जणांना एकदम पुढं घ्यायचे. त्यात दोन-चार हंडे पाणी मातीत जायचं. बायका कुरकुरायच्या. वाघमारे म्हणायचे, "सांडलेलं पाणी परवडतं, ताई. ताटकळलेली माणसं परवडत नाय."

एकदा टँकर आठवड्यानं आला. शेजारची गल्लीही धावून आली. पहिले दहा जण भरत होते, तेवढ्यात कुणीतरी वर चढून पाइप ओढला आणि रांग फुटली. मी मधेच चेंगरलो. हात वर निघेना, श्वास पुरेना. घाबरलेल्या ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि टँकर मागं सरकू लागला. मागच्या चाकाशी एक म्हातारी पडली होती.

वाघमारे तिच्या आणि चाकाच्या मधे जाऊन उभे राहिले. डोळे गच्च मिटलेले. टँकर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

पुढच्या खेपेला ते आलेच नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा आये बगैर कॉक नै खोलता मैं." मी बोलवायला गेलो. खोलीत ते एकटेच कॉटवर बसले होते.

"आमच्या गावात टँकर विहिरीत ओतायचे, सर. सगळे एकदमच धावायचे. बायको त्यातच गेली. मी पुढं होतो." मग म्हणाले, "माझा हंडा भरला होता."

बाहेर हॉर्न वाजला. त्यांनी चपला घातल्या, त्याही उलट्या. काढून पुन्हा घातल्या.

"सर, आज जरा माझ्या शेजारी उभं राहता का? हात धरला तर बरं हुईल."

सगळ्या गल्लीदेखत आम्ही दोघं हातात हात घेऊन टँकरपर्यंत गेलो. भर उन्हात त्यांचा तळहात गार पडला होता.