मन्मथअप्पांचं पहिलं वर्ष

धारूरात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे मन्मथअप्पा एकटेच. कॅमेरा सुरू झाला की ते मांडवाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "हलू नका!" पंचवीस वर्षं फोटो काढले होते, ती सवय. आमच्याकडच्या कॅसेटींत नवरा-नवरी, करवल्या, भटजी सगळे श्वास रोखून उभे असत. हलायचा तो फक्त बँडवाला, कारण त्याला अप्पांचं ऐकू जात नसे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरोघरी नुकतंच केबल आलं होतं, आणि विद्यापीठानं विद्यार्थ्यांची व्हिडिओ स्पर्धा जाहीर केली. दहा मिनिटांची फिल्म, महिन्याभरात पोचवायची. डोंगरातनं सीताफळं तोडून बसस्टँडवर विकणाऱ्या बायकांवर करायची असं मी ठरवलं आणि गल्लीतल्याच अप्पांकडे कॅमेरा मागायला गेले.

"कॅमेरा म्या कुणाच्या हाती देत न्हाई, माय. मीच येतो."

"अप्पा, कॅमेरा चालवणारासुद्धा विद्यार्थीच पाहिजे. नियम आहे."

अप्पांनी चष्मा पुसला. "मंग होतो की."

मला चेष्टा वाटली. दोन दिवसांनी बावन्न वर्षांचे अप्पा पिवळं पडलेलं पीयूसीचं, म्हणजे जुन्या बारावीचं, सर्टिफिकेट घेऊन कॉलेजच्या ऑफिसात उभे होते. उशिराच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. क्लार्कनं विचारलं, "अप्पा, आता कावून?" अप्पा म्हणाले, "तवा वडील वारले, दुकानात बसलो. राहिलं होतं."

तिथून माझ्या जिवाला घोर लागला. हे तर नुसते स्पर्धेपुरते विद्यार्थी, अशी कुणी तक्रार केली तर? अप्पांना माझ्याहून जास्त घोर. आठवडाभर आम्ही डोंगर चढलो. त्यांना कधी बॅटरीची काळजी, कधी ढगांची. रोज विचारायचे, "माय, आपल्याला भाईर तर न्हाई काढणार?" विद्यापीठात जाताना एस.टी.त कॅसेट टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती. खड्डा आला की कॅसेट वर उचलायचे आणि स्वतः आपटायचे. अप्पा सोबत आहेत म्हणूनच वडिलांनी मला पाठवलं होतं.

सभागृहाच्या दारात नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या प्राध्यापकांनी अप्पांकडे पाहिलं. "पालकांनी मागं बसावं."

अप्पांनी खिशातनं ओळखपत्र काढलं. "मी पालक न्हाई, सर. बी.ए. फस्ट इयर."

त्यांनी ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, शिक्का तपासला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आले. तेवढा वेळ अप्पा इतके ताठ उभे होते, जणू समोर कॅमेरा लावलाय. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "नियमात वयाचं काही नाही. बसा."

फिल्म लागली, आणि पहिल्याच मिनिटाला अप्पांचा आवाज सभागृहात घुमला, "हलू नका!" हशा पिकला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण पडद्यावर झाडाला लोंबकळणारी सखूबाई मान वळवून म्हणाली, "न्हाई हलले तर हे सीताफळ काय पायानं चालत पाटीत येणार हाय व्हय?" लोक पुन्हा हसले, आणि या वेळी टाळ्याही वाजल्या.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर दोघांची नावं होती. अप्पांनी ते स्टुडिओत लावलं.

आता त्यांचं कॉलेज सुटणार, असं मी धरूनच चालले होते. दिवाळीनंतर पाहते तर अप्पा रोज हजर, पहिल्या बाकावर. दुकानाला सकाळी कुलूप. एकदा व्हरांड्यात गाठलं.

"अप्पा, स्पर्धा तर झाली. आता कावून येता?"

ते जरा लाजले. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती, दोन्ही मुली सासरी.

"सर हजेरी घेतेत ना," ते म्हणाले. "रोज माझं नाव घेतेत. मधी ताप होता, आलो न्हाई, तर दुसऱ्या दिशी इचारलं, काल कुठं होते म्हणून." मग वही सरळ करत म्हणाले, "घरी कोण इचारतंय, माय?"

तेवढ्यात घंटा झाली. अप्पांनी वही काखेत मारली आणि चपला फटफटवत वर्गाकडे निघाले, जवळजवळ पळतच. उशीर झाला की हजेरीत त्यांचं नाव पुकारून पुढं निघून जायचं.