झुंबरबाईंच्या दाढेची अपॉइंटमेंट

दाढ काढताना माणूस ओरडतो, हा दंतवैद्यकापुढचा सर्वांत जुना प्रश्न आहे. दाढ दुखते, हा त्यानंतरचा. पहिल्या प्रश्नाची तड आधुनिक विज्ञानाने लावलेली असून दुसराही यथावकाश विचारात घेतला जाईल, याबद्दल जाणकारांना शंका नाही.

या प्रगतीचा लाभ २००४ साली जालना जिल्ह्यालाही मिळाला. नवीन जालन्यात, बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांच्या ओळीत, डॉ. मेहरुन्निसा यांनी दवाखाना उघडला. त्यात रुग्णांच्या सुखसोयीसाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था होती: बटणावर वर-खाली आणि आडवी होणारी खुर्ची, आडवे पडल्यावर दिसेल असा छताला लावलेला टीव्ही, कानाला लावायची गाणी, सुईआधी हिरडी बधिर करणारा स्ट्रॉबेरीच्या चवीचा फवारा, एसी, आणि माशांची काचेची टाकी. (मासे सात. त्यांचे दात कोणी तपासल्याची नोंद नाही.) शिवाय चपला बाहेर काढाव्या लागत. त्यामुळे देवळात आल्यासारखे वाटून निम्म्या लोकांचे दुखणे उंबऱ्यावरच कमी होई.

वडीगोद्रीच्या झुंबरबाईंची डावीकडची खालची दाढ त्या सुमारास एकोणीस दिवस दुखत होती. उपचारात कसूर झालेली नव्हती. चार दिवस लवंग, तीन दिवस मिठाच्या गुळण्या, दोन दिवस गरम फडक्याचा शेक आणि उरलेले दहा दिवस दुर्लक्ष, असा क्रम होता. (दुर्लक्ष हे औषध आपल्याकडे घरोघरी असते आणि त्याची मुदत कधी संपत नाही.) एकोणिसाव्या दिवशी गाल एवढा सुजला की त्यांचे यजमान काकासाहेब यांच्याही तो लक्षात आला. चहाला उशीर का झाला, हे बघायला ते स्वयंपाकघरात गेले होते.

काकासाहेब मनाचे मोठे. त्यांनी त्याच दुपारी दवाखान्यात फोन लावला. बायकोच्या दाढेसाठी स्वतःच्या खर्चाने फोन करणारे गावातले ते पहिलेच गृहस्थ असावेत, आणि ही गोष्ट त्यांनी गावापासून लपवूनही ठेवली नाही. गुरुवारी अकरा ते बारा ही वेळ मिळाली. ही चुकली तर पुढची बावीस दिवसांनी, असे फोनवरच्या मुलीने बजावले. झुंबरबाईंनी बावीस दिवसांचा विचार केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना भाकरी दुधात कुस्करूनही खाता येत नव्हती.

गुरुवारी सकाळी निघता निघता जाफराबादहून अण्णासाहेब आले. अण्णासाहेब म्हणजे थोरल्या लेकीचे सासरे, अर्थात व्याही. मानाच्या माणसाला घरी एकटे बसवून जाणे शक्य नव्हते. त्यामुळे जे पहाटे उठून जालन्यावरूनच वडीगोद्रीला आले होते, त्यांना त्याच रस्त्याने जालन्याला परत नेण्यात आले. जीप बद्रीनाथची, चालवणाराही तोच. पुढे व्याही, त्यांच्याशेजारी काकासाहेब, मागे झुंबरबाई आणि चौघांचा डबा. रस्त्यात खड्डा आला की पुढचे दोघे बद्रीनाथला नावे ठेवत. मागून काही ऐकू येत नव्हते.

बरोबर अकराला आतून नाव पुकारले गेले. झुंबरबाई उठल्या आणि तिथेच पेच उभा राहिला. व्याह्याने लाकडी बाकावर ताटकळावे आणि घरच्या बाईने गार हवेत खुर्चीवर पाय पसरावेत, असा प्रकार त्या घरात आजवर घडला नव्हता.

"अण्णासाहेब, आधी तुमी."

"छे छे. दाढ विहीणबाईची दुखून राह्यली. मला कुठं काय झालंय?"

"न्हाई झालं तर बरंच की. जल्दी उरकंल."

हा युक्तिवाद बिनतोड होता. डॉक्टरबाईंनी दारात येऊन विचारले, "पेशंट कोण आहे तुमच्यात?"

"पेशंट आपल्या घरचीच हाये," काकासाहेब म्हणाले. "ती कुठं पळून जाती? पाव्हण्याचं बघा आधी."

अण्णासाहेबांचे दात बावीस मिनिटे साफ होत होते. छतावरच्या टीव्हीवर त्यांनी जुन्या मॅचची सहा षटके पाहिली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नुकताच सत्कार झाल्यासारखा दिसत होता. "काकासाहेब, पोराच्या लग्नात बी माझी एवढी बडदास्त झाली न्हवती!" ते म्हणाले. (लग्न काकासाहेबांनीच लावून दिले होते. त्यांनी हे दवाखान्याचे कौतुक समजून सोडून दिले.)

आता पाहुण्याने एकट्यानेच सेवा घेतली, तर पाहुण्याला अवघडल्यासारखे होते. म्हणून काकासाहेब आत गेले. सतरा मिनिटे. मग बद्रीनाथ गेला, कारण परत जाण्याची चावी त्याच्या खिशात होती आणि त्याला नाराज करून चालणार नव्हते. चौदा मिनिटे. कोणाचेही काही दुखत नसल्याने कोणी ओरडले नाही. रुग्ण इतके शांत असण्याचे डॉक्टरबाईंना आधी समाधान वाटले आणि नंतर काळजी.

झुंबरबाई माशांच्या टाकीसमोर पदराचा बोळा गालाला लावून बसल्या होत्या. मासे एकसारखे तोंड उघडत होते, मिटत होते. त्यांना माशांचा हेवा वाटला. मग राग आला. असा राग त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच आला असेल, असे नाही. पण या वेळी तो दाढेत होता आणि गिळता येत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच मिनिटे कमी होती.

"आवं," त्या कशाबशा म्हणाल्या, "आता तरी जाऊ का म्या?"

"दोन मिन्टं थांब. त्यो शरबतासारखा फवारा पाव्हण्याला भेटला, मला न्हाई भेटला." असे म्हणून काकासाहेब दुसऱ्यांदा आत गेले.

फवारा भेटला. एकदा खालच्या हिरडीवर, आणि चव नीट कळली नाही म्हणून एकदा वरच्या. डॉक्टरबाईंनी नाइलाजाने बटण दाबले, खुर्ची कमरेएवढी वर गेली, डोक्याकडून खाली झुकली, पाय आढ्याकडे उचलले गेले, आणि वीज गेली.

जनरेटर तत्काळ सुरू झाला. एसी चालू राहिला, टीव्ही चालू राहिला, माशांचे बुडबुडे चालू राहिले. खुर्ची तेवढी चालली नाही. कारण जनरेटर सोयीसाठी होता आणि खुर्ची वायरिंग करताना उपचारांत धरलेली होती. काकासाहेब त्याच अवस्थेत अडकून पडले. उतरावे तर गुडघे वर, ओरडावे तर जीभ बधिर. चाळीस वर्षे ज्यांचा शब्द घरात खाली पडला नव्हता, त्यांच्या तोंडून "भब्ब, भब्ब" एवढेच बाहेर येत होते. अण्णासाहेबांनी एक दंड धरला, बद्रीनाथने दुसरा, आणि कोणीकडे ओढावे यावर दोघांची चर्चा सुरू झाली.

झुंबरबाई उठून डॉक्टरबाईंजवळ गेल्या.

"बाई, चिमटा लाइटीवर चालतो का?"

"नाही, काकी."

"आन सुई?"

"सुई पण नाही."

"मंग त्या खिडकीपाशी उजेड बराबर हाये. काढा बिगी."

खिडकीपाशी झाडूवालीचे प्लास्टिकचे स्टूल होते. डॉक्टरबाईंनी स्टुलाकडे पाहिले, लाखाच्या खुर्चीकडे पाहिले, खुर्चीतल्या गृहस्थांकडे पाहिले आणि त्यांना हसू फुटले. हसत हसतच त्यांनी हात धुतले. सुई टोचली, बधिर व्हायला वेळ दिला, झुंबरबाईंचे डोके आपल्या पोटाशी धरले आणि दाढ काढली. एकूण अकरा मिनिटे. झुंबरबाई ओरडल्या नाहीत. ते काम खुर्चीत चालूच होते.

सव्वादोनला वीज आली आणि काकासाहेब सन्मानाने खाली उतरले. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले गेले. "सोय कशी वाटली?" या प्रश्नाला चारही फॉर्मवर "अतिउत्तम" असे उत्तर आहे. (झुंबरबाईंच्या तोंडात कापूस होता, म्हणून त्यांचाही फॉर्म काकासाहेबांनी भरला.) दाढेची नोंद मात्र कॉम्प्युटर घेईना. खुर्चीचा नंबर टाकल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता आणि स्टुलाला नंबर नव्हता. त्यामुळे कागदोपत्री ती दाढ अद्याप झुंबरबाईंच्या तोंडातच आहे.

गावात बातमी जीपच्या आधी पोहोचली होती. काकासाहेब मशिनीत अडकले! संध्याकाळपर्यंत एकतीस माणसे भेटून गेली. जिभेत जीव आल्यावर काकासाहेबांनी सगळी हकिकत एकतीस वेळा सांगितली. "दोन घंटे उलटं टांगून ठिवलं, पर तोंडातून ब्र काढला न्हाई." शेजारच्या केशरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दवाखान्यातून आलेल्या माणसाला मऊ खायला लागते, म्हणून साजूक तुपातला शिरा झाला. भेटायला आलेल्यांनाही तो बशी-बशी देण्यात आला. शिरा चुलीवर हलवणाऱ्या बाईला डॉक्टरांनी दिवसभर बोलू नका असे सांगितलेले होते. त्या बोलल्या नाहीत, आणि म्हणून कोणाच्या काही लक्षात आले नाही.

तुम्ही हसलात, हे चांगले झाले. हसण्याने दातांना हवा लागते. फक्त एक सांगा. तुमच्या घरात सध्या दाढ कोणाची दुखते आहे? सांगता येत नसेल तर आज जेवायला बसलात की नजर फिरवा आणि एका बाजूने कोण चावते ते बघा. असे कोणी दिसणार नाही. ती तुमचे जेवण आटोपल्यावर बसते.