टेम्पोवरचा पियानो

"गावाला नीट बोलावलं ना, तर गाव धावत येतं!" कोंगबाईंनी छातीठोकपणे सांगितलं.

समोर आ-खुन आपल्या निळ्या टेम्पोवर भोंगा बांधत होता. निवडणुका आल्या की हाच टेम्पो उमेदवारांची नावं कोकलत दक्षिण तैवानमधल्या या गावाची झोप उडवायचा. आज त्यावर फलक होता : 'निवारागृहातल्या कुत्र्यांना सुई नको!'

कुत्र्यांना कायमचं झोपवणारी ती सुई देशभर बंद व्हायच्या आधीची ही गोष्ट. निवारागृह भरलं की म्हातारी कुत्री पहिली जायची. हे थांबवणारा नियम जिल्हा परिषदेपुढे आला होता, सोमवारी मतदान होतं आणि घोडं एका मतावर अडलं होतं. ल्याओसाहेबांच्या! साहेब शाळेत बाईंच्या हाताखाली गाणं शिकलेले. पण हल्ली बाई दिसल्या की मागच्या दाराने पसार! नियम पडला तर पहिला नंबर गूळ्याचा होता. निवारागृहातून दिवसापुरता आणलेला काळा, म्हातारा गूळ्या या घडीला टेम्पोत बाईंच्या पायाशी घोरत होता. बाईंचं घर अशा म्हाताऱ्यांनी आधीच भरलेलं.

"बाई, घोषणा लावू?"

"अजिबात नाही! मी स्वतः पियानोवर वाजवून टेप केलंय. दगडालाही पाझर फुटेल."

आ-खुनने चार सूर ऐकले आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, ही धून तर..."

"तुला संगीतातलं काय कळतं? गाडी चालव!"

"अहो, पण रोज संध्याकाळी..."

"चालव!"

बाई रोज संध्याकाळी निवारागृहात कुत्र्यांना भात घालायच्या. त्या वेळी गल्लीत काय होतं, ते सून बघायची.

टेम्पो पहिल्या गल्लीत वळला आणि बाई थक्कच झाल्या. दारं धडाधड उघडली! पान आजी स्वयंपाकाचा झारा हातात तसाच घेऊन धावली. न्हावी गिऱ्हाइकाला फेसासकट सोडून आला. सगळ्यांच्या हातांत पिशव्या!

"कुत्र्यांसाठी जुनी पांघरुणं आणलीत, आ-खुन!" बाईंना गहिवरून आलं. त्या कमरेत वाकून एकेक पिशवी घेऊ लागल्या.

"जड आहे हं, बाई," आजी म्हणाली.

"मन मोठं लागतं, आजी!"

"खालून गळतंय."

"गळू दे!"

तेवढ्यात गूळ्या जागा झाला, त्याने पिशवी फाडली आणि माशांची डोकी बाईंच्या चपलांवर घरंगळली.

"आ-खुन! हे काय?"

"तेच सांगत होतो. कचरागाडी हीच धून वाजवत येते."

गल्लीत एकच कालवा झाला. "म्हणजे कचरा नेणार नाही?" "मग वाजवता कशाला?" "माझी मासळी करपली तिकडे!"

आता माघार कसली? बाई टपावर चढल्या. "नेणार! सगळा नेणार! पण आधी फलकाखाली सही!"

रांग पार देवळापर्यंत गेली. आयुष्यात एवढे श्रोते बाईंनी पाहिले नव्हते. आणि रांगेच्या शेपटाकडून हाफपँटमध्ये, दोन पिशव्या नाचवत एक गृहस्थ धावत आले. "थांबा! थांबा!"

ल्याओसाहेब!

"साहेब, आज मागचं दार बंद होतं वाटतं?" न्हाव्याने विचारलं. अख्खी रांग खिदळली.

धून पुन्हा सुरू झाली. गूळ्याने मान वर केली, डोळे मिटले आणि शेवटच्या लांब सुरात आपला सूर मिसळला. ना थरथर, ना घसरण. आजीने झारा छातीशी धरला.

"ल्याओ," बाई हळूच म्हणाल्या, "हा सूर शिकवता शिकवता माझे केस पिकले. तुला कधी लागला?"

"नाही, बाई."

"सोमवारी याला सुई देणार?"

साहेब गूळ्याकडे वळले. मग पिशव्या खाली ठेवून वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले. "नाही, बाई."

सोमवारी परिषदेत पहिला हात त्यांचाच वर गेला.

संध्याकाळी फोन वाजला. पान आजी! "बाई, आपला गूळ्या वाचला हो!"

बाईंनी डोळे पुसले. "आजी, हे श्रेय माझं नाही, सगळ्या गावाचं..."

"ते असू दे. तुमची गाडी परत कधी? ती दुसरी मेली धड थांबतही नाही. तुम्ही कशा वाकून घेता!"