आमचा सर्वसमावेशक ग्रुप

आमच्या इमारतीच्या मोबाइल ग्रुपवर कुणालाही परकं वाटू नये, असा निर्णय कार्यकारिणीने एकमताने घेतला. निमित्त होतं तिसऱ्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट वहिनींचं. वहिनींना दिसत नाही. त्यांचा फोन आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. छायाचित्र आलं, की मात्र नुसतं 'फोटो' म्हणून गप्प बसतो. आणि आमचे चिटणीस प्रत्येक सूचना कागदावर लिहून, सही-शिक्का मारून, त्या कागदाचा फोटो पाठवतात. शिक्क्याशिवाय सूचनेला वजन येत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

"भाऊ, तेवढं टाइप करून पाठवाल का?" वहिनींनी त्यांना जिन्यात गाठलं. "दिवसभर फोन 'फोटो, फोटो' करतो. घरात आजारी सासरे आहेत. पाण्याचं, विजेचं वेळेवर कळायला हवं ना!"

चिटणीस गहिवरले. "वहिनी, तुम्ही आमच्याच आहात!"

लगोलग समावेशन उपसमिती नेमण्यात आली. मी तिचा निमंत्रक. बैठकीला वहिनींना बोलवावं, असं कुणीतरी सुचवलं; पण त्यांच्या देखत त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलता येणार नाही, म्हणून तो विषय बारगळला. मग आम्ही समावेशाची सनद तयार केली. कलम पहिलं : 'यापुढे सर्व सूचना टाइप करूनच पाठवाव्यात.' सनदेला सोनेरी चौकट काढली, सही-शिक्का झाला आणि चिटणीसांनी तिचा झकास फोटो ग्रुपवर टाकला. घराघरातून अंगठे वर झाले.

"आत्ता काय आलं?" वहिनींनी ग्रुपवर विचारलं.

"खास तुमच्यासाठी आहे! आवर्जून वाचा," चिटणीसांनी कळवलं.

सनदेला सर्वसाधारण सभेची मंजुरी मिळेपर्यंत जुनीच पद्धत चालू ठेवणं भाग होतं. त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीत जंतुनाशक टाकलं. 'दोन दिवस नळाचं पाणी पिऊ नये.' सही, शिक्का, फोटो.

वहिनींचे सासरे ते पाणी प्यायले आणि रुग्णालयात गेले.

वहिनी चिटणीसांच्या दारात उभ्या राहिल्या. "एक ओळ, भाऊ. एक ओळ लिहायला काय जात होतं तुमचं?"

"पण वहिनी, सूचना दिली होती," चिटणीसांनी चष्मा लावून मोबाइल तपासला. "हे बघा, तुमच्या नावापुढे निळ्या खुणा आहेत. म्हणजे तुम्ही पाहिलीय."

मला फार वाईट वाटलं. मी तसं ग्रुपवर कळवलंही, जोडलेल्या हातांच्या चित्रासह. चिटणीसांनी सासऱ्यांसाठी पुष्पगुच्छाचा फोटो पाठवला. वहिनींनी ग्रुप सोडला.

वार्षिक सभेत मी अहवाल वाचला : ग्रुप शंभर टक्के समावेशक, तक्रारी शून्य. टाळ्या कडाडल्या. सनदेची आता गरज उरली नसल्याने ती मंजुरीला ठेवली नाही.

तुमच्या ग्रुपवर अशी कटकट करणारं कुणीच नाही म्हणता? अभिनंदन. आमच्याकडेही आता कुणीच नाही.